कालसंकेत आणि रंगमंचावरील प्रकाश : एका तांत्रिक साधनाचा इतिहास व त्याचा नाट्यार्थ

नाट्यप्रयोगात प्रकाश कोणत्या क्षणी बदलावा हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ व्यवस्थेचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी गेल्यास प्रयोगाच्या काळावर स्वामित्व कोणाचे, हा अधिक गंभीर प्रश्न तेथे दडलेला आढळतो. नट संवाद म्हणतो, रंगमंच-व्यवस्थापक विंगेतून इशारा देतो, प्रकाशनियंत्रक हात हलवितो आणि दिवे मंद किंवा प्रखर होतात, ही शतकभर चालत आलेली साखळी होय. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत ह्या साखळीत एक नवा दुवा शिरला. ध्वनिफितीवर किंवा संगणकावर नोंदविलेला ‘टाइमकोड’, म्हणजे अखंड चालणारा कालसंकेत, प्रकाशाच्या कन्सोलला थेट वेळ सांगू लागला आणि कन्सोल त्या वेळेबरहुकूम स्वतःच क्यू चालवू लागले. हे परिवर्तन कसे घडून आले, त्याला कोणत्या गोष्टी आधी घडून याव्या लागल्या आणि ते कोठे स्वीकारले गेले व कोठे अडले, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

१. क्यूला क्रमांक कसा लाभला

लंडन येथील सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ साली सुमारे १,२०० विद्युद्दीप बसविण्यात आले व त्याच वर्षाच्या डिसेंबरात रंगमंचही विजेने उजळण्यात आला. संपूर्ण नाट्यगृह विजेने प्रकाशित करण्याचा हा आरंभीचा प्रयत्न म्हणून इतिहासात नोंदला गेला आहे. विजेच्या आगमनाने प्रकाशाचे नियमन एका जागी एकवटले, हे खरे; तथापि क्यूचे स्वरूप त्याने बदलले नाही. दांडे व चाके फिरविणारे कामगार होते, आणि प्रकाशबदल म्हणजे त्यांच्या शरीराने केलेली एक क्रिया होती. ती कागदावर टिपून ठेवता येई. पण कागद ती घडवून आणू शकत नसे.

ह्यापुढील टप्पे सर्वपरिचित आहेत. इंग्लंडमधील स्ट्रँड कंपनीच्या फ्रेडरिक बेंटम ह्यांनी १९३५ च्या सुमारास ऑर्गन वाद्याच्या पट्ट्यांवर आधारलेले ‘लाइट कन्सोल’ सिद्ध केले. प्रकाश हा वादकाप्रमाणे ‘वाजवावा’, अशी त्यामागील दृष्टी होती. अमेरिकेत येल विद्यापीठात जॉर्ज आयझेनूर ह्यांनी १९४७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची पद्धती पुढे आणली. तीत पुढील प्रकाशस्थिती आगाऊ रचून ठेवण्याची, म्हणजे ‘प्रीसेट’ची सोय होती. बेंटम ह्यांच्या कल्पनेत चालक हा कलावंत होता. आयझेनूर ह्यांच्या रचनेत क्यू ही आधीच सिद्ध झालेली वस्तू होती आणि चालकाने ती केवळ योग्य क्षणी सोडावयाची होती. पुढील इतिहास दुसऱ्या कल्पनेच्या बाजूने गेला.

निर्णायक पाऊल पडले ते स्मृतियुक्त कन्सोलच्या रूपाने. बी.बी.सी.च्या गरजेतून १९६६ च्या सुमारास थॉर्न कंपनीचे ‘क्यू-फाइल’ तयार झाले. ब्रॉडवेवर १९७५ साली आलेल्या ‘अ कोरस लाइन’ ह्या संगीतिकेसाठी थॅरन मसर ह्यांनी स्मृतियुक्त कन्सोल वापरले. ब्रॉडवेवरील तो त्या प्रकारचा पहिला प्रयोग मानला जातो. येथून पुढे क्यू म्हणजे स्मृतीत साठविलेला एक क्रमांकित लेख झाला. त्यात प्रत्येक दिव्याची पातळी असे, स्थित्यंतरास लागणारा अवधी असे, आणि तो घडवून आणण्यास ‘गो’ नावाची एकच कळ पुरेशी असे. ज्या गोष्टीला क्रमांक आहे आणि जी एका कळीने घडते, ती कळ दाबणारे बोट माणसाचेच असले पाहिजे असे बंधन मग उरत नाही. टाइमकोडच्या प्रवेशाचा मार्ग अशा रीतीने प्रकाशतंत्रानेच मोकळा करून ठेवला होता.

२. काळाला क्रमांक कसा लाभला

दुसरा प्रवाह रंगभूमीच्या बाहेर, चित्रपट व दूरचित्रवाणी ह्यांच्या कार्यशाळांत वाहत होता. बोलपटाच्या आरंभीच संगीत आणि चित्र ह्यांची सांगड घालण्याची निकड निर्माण झाली. डिस्नेच्या १९२९ मधील ‘द स्केलेटन डान्स’ ह्या व्यंगपटाच्या काळात संगीतकार कार्ल स्टॉलिंग ह्यांनी वादकांच्या कानांत ठराविक लयीचे टिक-टिक ठोके ऐकविण्याची युक्ती योजिली. आजच्या ‘क्लिक ट्रॅक’चे ते पूर्वरूप होय. १९४० च्या ‘फँटेशिया’ चित्रपटासाठी योजलेल्या ‘फँटासाउंड’ पद्धतीत ध्वनीबरोबर एक स्वतंत्र नियंत्रणपट्टी चालत असे व तिच्यावरील स्वर ध्वनिक्षेपकांच्या आवाजाची पातळी ठरवीत. श्रोत्यांना ऐकू न जाणारा एक ध्वनी यंत्रांना आज्ञा देतो, ही कल्पना येथे स्पष्टपणे दिसते. डिस्नेलँडमधील ‘एन्चँटेड टिकी रूम’ ह्या १९६३ च्या दालनात ह्याच कल्पनेने यांत्रिक पक्षी चोची हलवू लागले. चुंबकीय फितीवरील स्वर त्यांना चालवीत होते.

परंतु ह्या सर्व पद्धतींत एक उणीव होती. स्वर ‘आता’ एवढेच सांगत असे. ‘आता किती वाजले’ हे सांगत नसे. फीत मध्येच सुरू केली तर आपण कोठे आहोत हे यंत्राला कळण्यास मार्ग नव्हता. ही उणीव दूर झाली ती चित्रफितीच्या संपादनातील अडचणीतून. अँपेक्स कंपनीच्या चित्रफीतयंत्राचा व्यावहारिक वापर १९५६ मध्ये सुरू झाला. चित्रपटाच्या पट्टीवर प्रत्येक चौकट डोळ्यांना दिसते. चुंबकीय फितीवर काहीच दिसत नाही. संपादकाने कापावे कोठे? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून कॅलिफोर्नियातील इलेक्ट्रॉनिक इंजिनियरिंग कंपनीने १९६७ मध्ये, अंतराळ-संशोधनातील नोंदफितींवर वेळ उमटविण्याच्या पद्धतीचा आधार घेऊन, प्रत्येक चौकटीला स्वतःचा पत्ता देणारा संकेत तयार केला. पुढे अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या ‘सिम्प्टी’ ह्या संस्थेने त्याला प्रमाणरूप दिले आणि युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननेही त्याचा अंगीकार केला.

ह्या संकेताची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक फ्रेमसाठी ८० अंश असतात. त्यांपैकी २६ अंशांत तास, मिनिट, सेकंद व फ्रेम हा पत्ता असतो. ३२ अंश वापरणाराच्या इच्छेसाठी मोकळे असतात. १६ अंशांचा एक ठराविक शब्द फ्रेमचा शेवट दर्शवितो. उरलेले अंश खुणांसाठी असतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास दर सेकंदास २,००० अंश होतात; म्हणजे हा संकेत कानाला ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या कक्षेत राहतो आणि साध्या ध्वनिफितीच्या एका पट्टीवर मावतो. फीत हळू फिरो, वेगाने फिरो अथवा उलट फिरो, तो वाचता येतो. मात्र तो ऐकावयास अतिशय कर्कश असतो व शेजारच्या पट्टीत पाझरतो. म्हणून ध्वनिमुद्रणशाळांत बहुपट्टी फितीच्या कडेची पट्टी त्याच्यासाठी राखून ठेवण्याची प्रथा पडली.

येथे एका विक्षेपाचा उल्लेख आवश्यक आहे. अमेरिकेने १९५३ मध्ये रंगीत दूरचित्रवाणीचे प्रमाण स्वीकारताना फ्रेमचा वेग सेकंदाला ३० ऐवजी सुमारे २९.९७ केला. फ्रेमना मात्र ३० च्या हिशेबाने क्रमांक दिले तर तासाभरात १०८ फ्रेमचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी प्रत्येक मिनिटाच्या आरंभी दोन क्रमांक गाळावयाचे, परंतु दर दहाव्या मिनिटास ते गाळावयाचे नाहीत, असा नियम करण्यात आला. तासातील ५४ मिनिटांत दोन-दोन क्रमांक गळले की हिशेब जुळतो. येथे फ्रेम गळत नाही, केवळ तिचा क्रमांक गळतो. आपल्या पंचांगातील क्षयतिथीची ज्यांना ओळख आहे त्यांना ही युक्ती परकी वाटू नये. तेथेही दिवस नाहीसा होत नाही, गणनेतील एक नाव तेवढे गळते. भारतात दूरचित्रवाणीने सेकंदाला २५ फ्रेमचे प्रमाण घेतल्यामुळे हा गुंता येथे उद्भवला नाही. मात्र परदेशी संगीतफितीबरोबर आलेला संकेत एका मापाचा आणि कन्सोलची मांडणी दुसऱ्या मापाची असेल, तर क्यू हळूहळू सरकत जातात. दोष ताबडतोब दिसत नाही, अर्ध्या-पाऊण तासाने दिसतो. आणि म्हणूनच तो फसवा ठरतो.

३. दोन प्रवाहांचा संगम

क्रमांकित क्यू आणि क्रमांकित काळ ह्यांना जोडणारी समान भाषा १९८० नंतरच्या दशकात उपलब्ध झाली. विद्युत्-वाद्यांना परस्परांशी जोडणारे ‘मिडी’ हे प्रमाण १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८७ मध्ये त्यात टाइमकोड वाहून नेण्याची सोय झाली. मिडीच्या अरुंद वाहिनीतून पूर्ण पत्ता एकाच वेळी जाणे सोयीचे नव्हते; म्हणून तो आठ तुकड्यांत, दर पाव फ्रेमला एक तुकडा, असा पाठविण्यात येतो. परिणामी पूर्ण पत्ता कळेपर्यंत दोन फ्रेम उलटून गेलेल्या असतात, आणि ऐकणाऱ्या यंत्राला ती भर स्वतः घालावी लागते. ह्याच सुमारास, १९८६ मध्ये, अमेरिकेतील रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने कन्सोल व डिमर ह्यांच्यामधील ‘डी.एम.एक्स. ५१२’ हे प्रमाण घालून दिले. व्हॅरी-लाइट कंपनीचे फिरते दिवे १९८१ च्या सप्टेंबरात ‘जेनेसिस’ ह्या वाद्यवृंदाच्या बार्सिलोना येथील कार्यक्रमात प्रथम जाहीरपणे झळकले होते. एका गाण्यात शेकडो बदल घडविणाऱ्या अशा दिव्यांना माणसाचा हात अपुरा पडू लागला, ही ह्या संगमामागील प्रत्यक्ष निकड होय.

१९९१ मध्ये ‘मिडी शो कंट्रोल’ हे आणखी एक प्रमाण मान्य झाले. त्याची आणि टाइमकोडची तुलना उद्बोधक आहे. शो कंट्रोल ‘बारावा क्यू चालव’ असा हुकूम पाठवितो. हुकूम देणारा कोण व केव्हा, हे कन्सोल विचारीत नाही. टाइमकोड हुकूम देतच नाही. तो फक्त ‘इतकी मिनिटे, इतके सेकंद झाले’ असे पुकारीत राहतो, आणि कोणत्या घटकेला काय करावयाचे ह्याची यादी कन्सोलपाशी असते. पहिल्यात हुकमाचा दुवा हरवला तर तो क्यू कायमचा हुकतो. दुसऱ्यात कन्सोल मध्येच जागे झाले तरी वेळ वाचून आपले स्थान शोधू शकते. हुकूम आणि घड्याळ ह्यांतील हा भेद होय.

प्रत्यक्ष कामात ही यादी तयार करण्याच्या दोन रीती आहेत. एक, ध्वनिलहरींचा आलेख पाहून प्रत्येक क्यूची वेळ लिहिणे. दुसरी, संगीत चालू ठेवून चालकाने योग्य ठिकाणी ‘गो’ दाबत जाणे व कन्सोलने त्या वेळा टिपून घेणे. दुसऱ्या रीतीत चालकाच्या बोटाचा विलंबही नोंदला जातो. ऐकण्यापासून दाबण्यापर्यंत सेकंदाचा पाचवा भाग गेला, तर २५ च्या मापाने पाच फ्रेम झाल्या. त्या मागाहून वजा कराव्या लागतात. शिवाय दिव्याचा स्वभावही विचारात घ्यावा लागतो. मोठ्या तंतुदीपाला तापावयास व निवावयास वेळ लागतो, एल.ई.डी. दिवा तत्क्षणी उजळतो. त्यामुळे जुन्या दिव्यांसाठी ठोक्याच्या किंचित आधी ठेवलेला क्यू नव्या दिव्यांवर लवकर पडल्यासारखा भासतो. संकेत अचूक असला म्हणजे परिणाम अचूक होतोच असे नाही.

प्रत्येक गाण्याला स्वतंत्र तास देण्याचा, म्हणजे पहिले गाणे पहिल्या तासापासून, दुसरे दुसऱ्या तासापासून मोजण्याचा प्रघात दौऱ्यांवरील कार्यक्रमांत रूढ झाला, तो केवळ सोयीपोटी. गाण्यांचा क्रम बदलला तरी पत्ते बदलत नाहीत, आणि शून्याच्या अलीकडे जाण्याचा प्रसंग येत नाही. संकेत क्षणभर खंडित झाला तर काही फ्रेमपर्यंत आपल्या आंतरिक घड्याळावर चालत राहण्याची, आणि तो परत आलाच नाही तर नियंत्रण चालकाच्या हाती सोपविण्याची तरतूदही कन्सोलमध्ये असते. म्हणजे चालक अनावश्यक झाला असे नव्हे. त्याचे काम घडविण्याकडून पहाऱ्याकडे सरकले.

४. काळाचे स्वामी

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. टाइमकोडने रंगभूमीवरील माणसाचा अधिकार हिरावून घेतला, असे विधान अनेकदा केले जाते. इतिहास त्याला पूर्णतः दुजोरा देत नाही. टाइमकोड प्रथम कोठे रुजला हे पाहिले म्हणजे वस्तुस्थिती ध्यानात येते. उद्यानांतील यांत्रिक दालने, ऐतिहासिक वास्तूंवरील ध्वनिप्रकाशाचे कार्यक्रम, भव्य संगीतमैफली, दूरचित्रवाणीवरील स्पर्धा ही त्याची क्षेत्रे. फ्रान्समधील शाँबोरच्या प्रासादात १९५२ साली पॉल रोबेर-उदँ ह्यांनी आरंभिलेल्या ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमात नटच नव्हता. ध्वनिमुद्रित वाणी व दिवे एवढीच पात्रे होती. मैफलीतील ढोलवादकाच्या कानांत क्लिक ट्रॅक वाजत असतो; त्याने आपला काळ आधीच फितीच्या स्वाधीन केलेला असतो. थोडक्यात, जेथे प्रयोगाचा काळ आधीच गोठलेला होता तेथे टाइमकोड आला. गोठविण्याचे काम मुद्रित ध्वनीने केले. टाइमकोडने प्रकाशाला त्या गोठलेल्या काळाशी बांधले.

ह्याउलट बाजू मराठी रंगभूमीच्या इतिहासात फार स्पष्टपणे दिसते. सॅव्हॉयचे दिवे उजळण्याच्या आदल्याच वर्षी, १८८० मध्ये, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. ह्या परंपरेत पदाची लांबी संहितेत ठरत नसे. ती गायकाच्या प्रतिभेने आणि प्रेक्षकांच्या ‘वन्स मोअर’ने ठरत असे. एखादे पद दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा म्हटले जाई आणि साथीदार त्यामागे जात. पद एका फ्रेमनेही लांबू न देणारा संकेत आणि रसिकांच्या हट्टापायी पहाटेपर्यंत लांबणारा प्रयोग, ही काळाच्या व्यवहाराची दोन टोके होत. ‘वन्स मोअर’ला पत्ता देता येत नाही.

तरीही ठरलेल्या काळाला प्रयोगाने शरण जाणे आपल्या समाजाला अपरिचित आहे असे म्हणता येणार नाही. विवाहातील मुहूर्ताची घटिका ठरलेली असते. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना वधूवर उभे असतात, आणि घटिका भरेपर्यंत मंगलाष्टके लांबविली किंवा आवरती घेतली जातात. तेथे गाणे घड्याळाच्या मागे जाते. संगीत नाटकात घड्याळ गाण्याच्या मागे जाते. दोन्ही व्यवहार एकाच समाजात निर्वेधपणे नांदले, कारण कोठे कोणाचे स्वामित्व आहे ह्याविषयी सर्वांची समजूत एक होती. टाइमकोडच्या बाबतीत वाद उद्भवतो तो ही समजूत नसते तेव्हा. नट जिवंत विरामाच्या अपेक्षेने थांबतो आणि प्रकाश मात्र पुढे निघून जातो. प्रेक्षकाला नट चुकला असे वाटते. वास्तविक चूक नटाची नसते आणि यंत्राचीही नसते. काळाचा मालक कोण हे तालमीत ठरविले गेलेले नसते, एवढेच.

अनुभवी प्रकाशयोजनाकारांनी म्हणूनच मध्यममार्ग पत्करला आहे. संवादाचे क्यू रंगमंच-व्यवस्थापकाच्या इशाऱ्यावर चालतात. मुद्रित संगीतावरील नृत्याचा भाग आला की त्याचा पहिला क्यू माणूस सोडतो, संकेत सुरू होतो, आणि तो भाग संपताच नियंत्रण पुन्हा माणसाकडे येते. ह्या रचनेत यंत्राला काळाचा एक बंदिस्त तुकडा दिलेला असतो. त्याचे दार उघडण्याचा अधिकार मात्र विंगेतच राहतो.

५. संशोधकासमोरील साधन

नाट्येतिहासाच्या अभ्यासकाला ह्यातून एक नवे साधन लाभले आहे आणि एक नवी अडचणही. जुन्या प्रयोगाचा प्रकाश कसा होता हे जाणून घ्यावयाचे तर व्यवस्थापकाची टिपणवही, छायाचित्रे व आठवणी ह्यांवर अवलंबून राहावे लागे. टाइमकोडवर चाललेल्या प्रयोगाची यादी प्रत्येक बदलाची वेळ फ्रेमपर्यंत सांगते. इतकी अचूक नोंद पूर्वीच्या कोणत्याही प्रयोगाची उपलब्ध नाही. परंतु तो बदल तेथेच का केला, हे ती सांगत नाही. वहीच्या समासात ‘तिने वळून पाहिल्यावर’ असे लिहिलेले असे. यादीत केवळ आकडे असतात. कारण गेले आणि वेळ उरली. शिवाय ती यादी विशिष्ट कन्सोलच्या विशिष्ट भाषेत असते. ते यंत्र अडगळीत गेले की अचूक नोंदही मुकी होते. वही मात्र वाळवीपासून वाचली तर शंभर वर्षांनीही वाचता येते.

म्हणून नाट्यसंस्थांनी व विद्यापीठीय नाट्यविभागांनी अशा याद्या साध्या कागदावरही उतरवून ठेवाव्यात आणि प्रत्येक क्यूपुढे त्याचे नाट्यगत कारण एका ओळीत नमूद करावे, असे ह्या विवेचनातून निष्पन्न होते. टाइमकोडचा इतिहास हा मुळात न दिसणाऱ्या फितीवर पत्ते लिहिण्याचा इतिहास आहे. पत्ता माहीत असला म्हणजे स्थळी पोचता येते. पण तेथे कशासाठी जावयाचे होते, हे लिहून ठेवणे माणसाकडेच राहते.